तांबेकर वाड्यापासून शंभर मीटर

बडोद्यात पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी लक्ष्मी विलास पॅलेस, दुपारी कमाटी बागेतलं म्युझियम, संध्याकाळी लहेरीपुरा दरवाजातून मंगळबाजार करत मांडवीपर्यंत चक्कर. पाहुणा हौशी निघाला तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. शहर एकच, पण ह्या एका दिवसात पाहुणा निदान चार-पाच मालकांच्या हद्दीतून फिरतो. पॅलेस खाजगी. म्युझियम गुजरात सरकारचं. तांबेकर वाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे ज्याला आपण एएसआय म्हणतो त्यांच्याकडे. मंगळबाजारचा रस्ता कॉर्पोरेशनचा, आणि त्या रस्त्यावर पथारी मांडून बसलेल्या माणसासाठी संसदेनं केलेला वेगळाच कायदा.

शाश्वत सांस्कृतिक पर्यटन हा शब्दप्रयोग परिसंवादांत फार ऐकू येतो. त्याचा साधा हिशेब असा: जे दाखवायचं ते शाबूत राहायला हवं, त्याच्या आजूबाजूला राहणारी माणसं तिथंच राहायला हवीत, आणि येणाऱ्या पैशातला काही भाग त्यांच्या हातात पडायला हवा. आपल्याकडचे कायदे यातल्या पहिल्या गोष्टीत बऱ्यापैकी तरबेज आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीत त्यांची त्रेधा उडते. ती का, ते बडोद्यातल्या जागांवरूनच बघू.

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते, पण थोडक्यात उरकतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्य यांच्यात कामाच्या वाटण्या आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्मारकं केंद्राकडे. बाकीची स्मारकं, ग्रंथालयं, संग्रहालयं राज्याकडे. यात्रासुद्धा राज्यसूचीत आहेत. ‘पर्यटन’ हा विषय मात्र तिन्ही सूच्यांपैकी एकीतही नाही. त्यामुळे तो सगळ्यांचा आहे, आणि जबाबदारी विचारायला गेलं तर कोणाचाच नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं महापालिकांसाठी जी कामांची यादी जोडली, तिच्यात सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हेही एक काम आहे. पण ते काम राज्यानं सोपवलं तर. शिवाय अनुच्छेद ४९ स्मारकं जपायची जबाबदारी सरकारवर टाकतो आणि ५१-क तुमच्या-आमच्यावर.

एकूण मामला वाटण्या झालेल्या वाड्यासारखा आहे. प्रत्येक भाऊबंद आपापली खोली झाडतो, आणि मधल्या चौकात कचरा साठतो.

आता खऱ्या वाड्याकडे येऊ. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा लाकडी, बहुमजली मराठी वाडा. बाहेरून पाहिलं तर रस्त्यावरून जाणारा माणूस थांबणारही नाही. आत गेलं की डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं लागतात, आणि मग भिंती बोलायला लागतात. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, एका भिंतीवर इंग्रज-मराठ्यांची लढाईसुद्धा आहे. छत, दारं, खांबांमधल्या पट्ट्या, कुठंही हात लागेल तिथं रंग. हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण खालच्या भागात, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, रंग जास्त झिजलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या टेकलेल्या पाठींचा हा हिशेब आहे. असा वाडा रोज हजार माणसांना दाखवण्याची वस्तू नाही. लाकडी जिना आणि चुन्यावरचे रंग किती माणसांचा श्वास, घाम आणि मोबाईलचे फ्लॅश सोसतील, हा इथला खरा प्रश्न आहे.

हा वाडा ज्या कायद्याखाली संरक्षित आहे तो १९५८चा, प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं व अवशेषांबाबतचा. २०१० साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यामुळे स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत ‘प्रतिबंधित क्षेत्र’ आणि त्यापुढे २०० मीटर ‘विनियमित क्षेत्र’ अशी दोन कडी थेट कायद्यातच आखली गेली. पहिल्यात नवं बांधकाम बंद. दुसऱ्यात बांधकाम चालतं, पण दिल्लीतल्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस हवी. नियम मोडून बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदावर हे छान दिसतं. उघड्या माळावरच्या मंदिराला ते छान लागूही पडतं. पण गणित करून बघा. स्मारक एखाद्या बिंदूएवढं धरलं तरी १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात तीन हेक्टरांहून जास्त जागा येते, आणि ३०० मीटरच्या वर्तुळात २८ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ७० एकर. रावपुऱ्यासारख्या दाट वस्तीत ७० एकरांत काय काय येतं, हे बडोदेकरांना सांगायला नको. माळावरच्या मंदिराला आणि बाजारातल्या वाड्याला एकच फूटपट्टी लावली आहे.

समजा, त्या पहिल्या कड्यात तुमचं घर आहे. आजोबांनी बांधलेलं, सागवानी खांबांचं, आणि आता छपरातून पाणी गळतंय. कायदा दुरुस्ती नाकारत नाही. १६ जून १९९२च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगीनं करता येतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. त्यानं पंधरा दिवसांत तो दिल्लीला धाडायचा, दिल्लीनं दोन महिन्यांत आपलं मत कळवायचं, आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय द्यायचा. सगळं वेळेवर झालं तरी साडेतीन महिने. म्हणजे फाल्गुनात अर्ज केला तर परवानगी हातात पडेपर्यंत पावसाळा सुरू. त्यानंतर कॉर्पोरेशनची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, लागत असेल तर ती वेगळी.

आणि घर पाडून नव्यानं बांधायचं असेल तर पहिल्या कड्यात दार बंदच. परिणाम काय होतो? शहाणा मालक घर विकायला काढतो, पण गिऱ्हाईक मिळत नाही. धाडसी मालक सुट्टीच्या दिवसांत स्लॅब टाकून मोकळा होतो. आणि बाकीचे काहीच करत नाहीत, घर आपोआप बसायची वाट बघतात. तिन्ही वाटांनी गल्ली मरते. वाडा मात्र कायद्याप्रमाणे सुरक्षित.

पाहुणा ज्या गल्लीतून चालत वाड्याकडे येतो, ती गल्ली पर्यटनाचा अर्धा भाग असते. दारातला झोपाळा, ओट्यावर भाजी निवडणारी आजी, वरच्या मजल्यावरून येणारा फोडणीचा वास. हे कुठल्याच कायद्याच्या कुठल्याच अनुसूचीत नाही.

एक गैरसमज मात्र इथंच दूर केलेला बरा. ‘पुरातत्त्व खातं संडास बांधू देत नाही’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. २०१०च्या दुरुस्तीत बांधकामाची जी व्याख्या आहे, तिच्यातून सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, गटारं, पाणीपुरवठा आणि वीजपुरवठ्याची कामं सरळ वगळलेली आहेत. तेव्हा जुन्या शहरात बाईमाणसाला फिरताना अडचण होते त्याला कायद्याचं नाव पुढे करू नये. ते काम कोणी अंगावर घेतलं नाही, एवढंच.

गल्ली वाचवण्याचा उपाय कायद्याला सुचलाच नाही असं नाही. तो शंभरेक किलोमीटरवर अहमदाबादेत आहे. तिथलं कोटाच्या आतलं शहर २०१७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमधल्या, नोंदलेल्या जुन्या घरांना ‘टीडीआर’ मिळतो. म्हणजे असं: नियमानुसार तुमच्या जागेवर चार मजले बांधता आले असते, पण तुम्ही दोन मजली जुनं घर तसंच राखलंत. मग न बांधलेल्या त्या क्षेत्राचं तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं आणि शहराच्या दुसऱ्या भागातल्या बिल्डरला ते विकता येतं. त्या पैशातून घराची दुरुस्ती करायची. जुनं जपणारा माणूस नुकसानीत जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. ती घराच्या नोंदीपासून सुरू होते. घर यादीत नाही तर टीडीआर नाही. आपल्याकडचे दांडिया बाजार, बाबाजीपुरा, रावपुरा भागांतले कितीतरी मराठी वाडे कुठल्याही यादीत न चढताच अपार्टमेंट होऊन गेले. इन्टॅकसारख्या वारसा जपणाऱ्या खाजगी संस्था याद्या करतात, पण त्या याद्यांना कायद्याचं बळ नसतं. सरकारी अधिसूचना निघेपर्यंत ती फक्त चांगल्या मनाची वही असते.

पॅलेसची गोष्ट उलटी आहे. १८९०मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मी विलास आजही गायकवाड घराण्याकडे आहे. (बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट वगैरे जे गाईड सांगतात, ते ऐकून सोडून द्यावं.) १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखे बंद झाले. तनखा गेला, पण वास्तू तेवढीच राहिली. छप्पर, बाग, नोकरचाकर, विजेचं बिल. देशभरच्या राजवाड्यांची दारं तिकिटासाठी, लग्नांसाठी, हॉटेलांसाठी उघडली त्यामागे हौसेपेक्षा हा हिशेब जास्त आहे. गुजरात सरकारनं २०२०मध्ये हेरिटेज पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात १ जानेवारी १९५०च्या आधीच्या वास्तूंत हॉटेल, संग्रहालय, उपाहारगृह काढायला अनुदानाची सोय केली. अट अशी की मूळ वास्तूला धक्का लावायचा नाही. मला हे धोरण बरं वाटतं, फक्त त्यात गढ्या-राजवाड्यांचा विचार जास्त आणि रावपुऱ्यातल्या चार खोल्यांच्या घराचा कमी आहे. अनुदानासाठी आधी पदरचा पैसा ओतावा लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्यालाच ते परवडतं.

पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंहराव संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, सयाजीरावांनी खास काढून घेतलेली. त्यांच्या मागेही एक कायदा उभा आहे. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली १९७९मध्ये रविवर्म्याच्या कृती कलानिधी म्हणून जाहीर झाल्या. मालकी खाजगी असली तरी ती चित्रं विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. नंदलाल बोस यांच्या कृतीही त्याच यादीत आहेत, आणि कीर्ती मंदिरातली, म्हणजे गायकवाडांच्या स्मृतिमंदिरातली, त्यांची भित्तिचित्रं तर भिंतीसकट इथंच आहेत. ही चित्रं बघायची तर माणसाला बडोद्यालाच यावं लागतं. निर्यातबंदीच्या एका कलमानं शहराच्या पर्यटनाला जेवढं दिलंय, तेवढं जाहिरातींच्या फलकांनी दिलं असेल का, शंकाच आहे.

न्यायमंदिराची तऱ्हा तिसरीच. १८९६ची इमारत, सूरसागरच्या काठाजवळ, शहराच्या ऐन मध्यावर. २०१८मध्ये न्यायालयं दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेली. तोवर वकील, पक्षकार, टायपिस्ट, चहावाले यांच्या वर्दळीनं ती इमारत जागती होती. वापर गेला आणि प्रश्न सुरू झाले. आता तिथं संग्रहालय करावं असं बरेच दिवस बोललं जातंय. संरक्षणाचे कायदे दगड-लाकडाकडे बघतात, त्या वास्तूत काय चालतं याकडे बघत नाहीत. वास्तू शंभर टक्के वाचली आणि तिच्यातली ये-जा शून्यावर आली, तरी कायद्याच्या लेखी काहीच बिघडलेलं नसतं.

पन्नासेक किलोमीटरवरचं चांपानेर-पावागड हे या सगळ्या गुंत्याचं मोठं रूप आहे. बडोद्यातल्या हेरिटेज ट्रस्टनं आणि वास्तुविशारद करण ग्रोवर यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००४मध्ये ते स्थळ जागतिक वारसा यादीत आलं. पायथ्याशी सुलतानांच्या काळातल्या मशिदी आणि शहराचे अवशेष, माथ्यावर कालिकामाता. मशिदींची शांतता अनुभवणारे मोजके, आणि वर देवीला जाणारा लोंढा अफाट, नवरात्रात तर विचारू नका. स्मारकं केंद्राची, यात्रा राज्याचा विषय, डोंगराच्या उतारांवर जंगल, मंदिराच्या विकासाला पवित्र यात्राधाम बोर्ड, आणि पायथ्याला गाव. एवढ्या भाऊबंदांना एका चटईवर बसवायला गुजरात विधानसभेनं २००६मध्ये या एका स्थळापुरता स्वतंत्र कायदा केला आणि व्यवस्थापन प्राधिकरण नेमलं. रावपुऱ्याला अशी चटई नाही. सगळीकडे नवा कायदा हवा असं माझं म्हणणं नाही, पण बसून बोलायला एक जागा असावी.

पैशाचं विचाराल तर, जागतिक वारसा स्थळांवर एएसआयचं तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये आहे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुकट. हा पैसा त्या स्मारकाच्या पेटीत राहत नाही, भारताच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून अंदाजपत्रकातून खात्याला मिळतो. देशभर सुमारे ३,७०० केंद्रीय स्मारकं आहेत, त्यातली तिकिटं लावलेली थोडीच. ताजमहालाच्या तिकिटावर आडगावची विहीरही सांभाळली जाते, तेव्हा एकत्र निधीत गैर काही नाही. पण १०० मीटरच्या आतल्या शेजाऱ्याला बंधनं सगळी आणि त्या तिकिटातला छदाम नाही, हेही तितकंच खरं.

दगडांचं झालं. आता गरबा. डिसेंबर २०२३मध्ये युनेस्कोनं ‘गुजरातचा गरबा’ अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. बडोद्याची नवरात्र बघायला परदेशातूनही माणसं येतात. युनेस्कोच्या २००३च्या कराराखाली ही नोंद होते, आणि तिच्यामुळे पोलीस, कॉर्पोरेशन, कर खातं यांच्या कामात तसूभरही बदल होत नाही. गरब्याला खरं वळण देतात ते दुसरेच नियम. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद केले. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ती तरतूद २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्य धरली. त्या १५ दिवसांतच नवरात्र, गणपती, बाकी सगळं बसवायचं. म्हणून गणपतीच्या मंडळाला मिळालेला एक दिवस म्हणजे नवरात्रातून कमी झालेला एक दिवस, असा हा हिशेब आपल्या मराठी मंडळांनाही चुकत नाही.

करातली गंमत बघा. संरक्षित स्मारकाच्या प्रवेश तिकिटावर जीएसटी नाही. नाच-गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर तेही सुटतं. त्यावरच्या गरबा पासवर कर लागतो. २०२२मध्ये त्या १८ टक्क्यांवरून गुजरातेत बराच गदारोळ झाला होता. देवीपुढच्या नाचावर कर कसला, असा सूर होता. मला तो कर अजिबात खुपत नाही. मोठ्या मैदानावरचा पासवाला गरबा आणि शेरीत, म्हणजे गल्लीत, मधोमध देवीची गरबी ठेवून खेळला जाणारा गरबा यांत जर कुठली सरकारी रेघ असेल, तर ती हीच आहे, आणि ती शेरीच्या बाजूनं आहे.

मंगळबाजारातल्या पथारीवाल्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण जुन्या शहराच्या सुशोभीकरणाची गाडी आली की पहिली टाच त्यांच्यावर येते. पर्यटकाला रस्ता मोकळा दिसावा, म्हणून. २०१४च्या फेरीवाला कायद्यात याचं उत्तर आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत असलेल्या फेरीवाल्याला हटवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत फेरीवाल्यांचे स्वतःचे प्रतिनिधी असावे लागतात. आणि स्थलांतराबाबतच्या दुसऱ्या अनुसूचीत सांगितलंय की ज्या नैसर्गिक बाजारात ५० वर्षांहून अधिक काळ फेरीवाले धंदा करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या फेरीवाल्यांना हलवू नये. लहेरीपुरा ते मांडवी हा पट्टा या व्याख्येत बसतो का, हे ठरवायला म्हातारे दुकानदार आणि जुने फोटो पुरेत.

शेवटी एक वाट, जी रावपुऱ्यातल्या कुणालाही धरता येईल. २०१०च्या दुरुस्तीनं असंही सांगितलंय की प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र हेरिटेज उपविधी करायचे. त्या परिसरात इमारतीची उंची किती, दर्शनी भाग कसा, छप्पर कसलं, गटार-दिवे-पाट्या कशा, हे सगळं त्या एका स्मारकापुरतं. एकाच फूटपट्टीतून सुटायची कायद्यानं ठेवलेली हीच फट आहे. १०० मीटरची बंदी त्यानं उठत नाही, पण पुढच्या २०० मीटरमध्ये काय चालेल हे आधीच कळलेलं असतं. उपविधींचा मसुदा आधी लोकांपुढे ठेवून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. हरकत घ्यायला वकील लागत नाही. घराचा फोटो, बांधल्याचं साल, मालमत्ता कराची जुनी पावती, आणि ‘आमच्या गल्लीत ओटे आहेत, ते राहू द्यावेत’ एवढं एक वाक्य लिहिलं तरी ती नोंद घ्यावी लागते.